घरासाठी लायसन्सची बंदूक: कुठली घ्यायची, काडतूस कुठलं, आणि लोक नेहमी विचारतात ते बाकीचे प्रश्न

आमच्या भागात कुठल्या वस्तीवर दरोडा पडला की पुढचे आठ-दहा दिवस माझा फोन थांबत नाही. आमच्याकडे बंदूक आहे आणि बरीच वर्षं आहे हे सगळ्यांना माहितीय. आधी वडिलांच्या नावावर दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक होती, ती नंतर माझ्या नावावर झाली, आणि मेहुण्याने पुण्यात फ्लॅटसाठी रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हा अर्जापासून गन हाऊसपर्यंत सगळीकडे मीच त्याच्यासोबत फिरलो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतोय. सगळं महाराष्ट्रातलं आणि कायद्यातलं आहे, बिनलायसन्सच्या वाटा माझ्याकडे विचारू नका.

बंदूक घ्यायचीय, कुठली घेऊ?

थांबा, आधी घर सांगा. मी सगळ्यांना पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे कोण झोपतं? निम्म्या लोकांनी याचा कधी विचारच केलेला नसतो.

मळ्यात घर असेल, शेजारी दोन रानं सोडून असतील, अंगणाच्या पुढे ऊस नाहीतर बांध असेल तर गोष्ट वेगळी आहे. फ्लॅटमध्ये तुमच्या हॉलच्या भिंतीला लागून दुसऱ्याच्या पोरांची खोली असते, मधे चार इंची वीट नाहीतर नवीन बांधकामातले हलके ब्लॉक, आणि मेन डोअर म्हणजे फ्लश डोअर, जे गोळीला अडवतच नाही. तिथे चुकलेली गोळी कुठे जाईल याचं उत्तर बंदूक घेण्याआधी पाहिजे. कंपनी, मॉडेल, किंमत हे सगळं त्याच्यानंतर.

दुसरं, घरात कोण कोण राहतं. लहान मुलं आहेत का, कुणी रोज पितं का, कुणी सध्या मनाने खचलेलं आहे का. हे विचारलं की लोकांना राग येतो तरी मी विचारतो, कारण घरातली बंदूक चोरापेक्षा घरच्याच माणसावर चालल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. यातलं काही असेल तर आत्ता घेऊ नका, आणि घरात आधीची असेल तर ती काही महिने बंदुकांच्या डीलरकडे सेफ कस्टडीत ठेवता येते, ठेवा.

लायसन्स मिळतं का खरंच? ओळख लागते का?

ओळखीशिवाय मिळतं, पण वेळ लागतो आणि कारण पक्कं लागतं. शस्त्र अधिनियम 1959 चा आणि त्याखालचे नियम 2016 चे, सगळं काम याच्यावर चालतं. वय 21 पूर्ण पाहिजे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात, म्हणजे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर वगैरे, अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्ज फॉर्म ए-1 मध्ये, सोबत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, बंदूक सुरक्षित ठेवण्याची सोय कशी केलीय ते, आणि सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. मग पोलीस स्टेशनचं व्हेरिफिकेशन होतं, हवालदार घरी येतात, शेजारी विचारपूस होते, गावात असाल तर पोलीस पाटलांनाही विचारतात.

एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते. कायद्याच्या कलम 13 मध्ये स्वरक्षण किंवा खेळासाठी किमान 20 इंची नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली साधी बाराबोर, आणि पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांचा दर्जा वेगळा ठेवलाय. यांच्यासाठी खरं कारण आणि रिपोर्ट ठीक असेल तर अधिकाऱ्याने लायसन्स द्यावं अशीच भाषा आहे. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाला मात्र तुम्हाला धोका काय आहे ते नीट पटवावं लागतं, म्हणजे खंडणीचा फोन आला, रोख घेऊन फिरावं लागतं, आधी हल्ला झालाय, आणि त्याचे एफआयआर, एनसी (अदखलपात्र तक्रार) जे काही असेल ते जोडावं लागतं. "हल्ली जमाना वाईट आहे" एवढ्यावर होत नाही. नाकारलं तर कारणासकट लेखी मागा आणि मुदतीत अपील करा, कलम 18 मध्ये ती सोय आहे.

लायसन्स आता पाच वर्षांचं असतं, आधी तीन वर्षांचं होतं. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका, त्याआधी तीन चालायच्या. प्रत्येक लायसन्सधारकाचा युनिक नंबर राष्ट्रीय डेटाबेसवर असतो, लायसन्सचं जुनं पुस्तक असेल आणि त्यावर तो नंबर नसेल तर शस्त्र शाखेत जाऊन आधी ते निस्तरून घ्या.

एनपीबी, पीबी काय असतं?

बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप. पीबी म्हणजे प्रोहिबिटेड बोअर. 9 एमएम, .303, .45 असली हत्यारं, जी पोलीस-लष्करात चालतात. साध्या माणसाला ती मिळत नाहीत, अगदी खास केसमध्ये केंद्राच्या गृह मंत्रालयाकडून. आपल्यासाठी एनपीबी, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर: बाराबोर, .32 चं रिव्हॉल्व्हर-पिस्तूल, .22, .315 ची रायफल. इंटरनेटवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोक 9 एमएमचे गुण-दोष सांगायला लागतात, ते सोडून द्या, आपल्या दुकानात जे मिळतं आणि आपल्या लायसन्सवर जे बसतं त्यातूनच निवडायचंय. ऐंशीच्या दशकात परदेशी बंदुकांची आयात साध्या माणसासाठी बंद झाली, म्हणून जुनं विदेशी रिव्हॉल्व्हर आजही अव्वाच्या सव्वा भावाने विकलं जातं. तो पैसा शौकाचा आहे, घराच्या रक्षणासाठी तो घालायची गरज नाही.

मळ्यातल्या घरासाठी काय बरं?

माझं मत ठाम आहे, बाराबोर दुनळी, साधी, मधे मोडणारी. कारण सांगतो. रात्री दोन वाजता कुत्री भुंकतात, तुम्ही झोपेतून उठता, हात थरथरतात, चष्मा सापडत नाही. अशा वेळी दुनळी मोडली की भरलीय का रिकामी ते डोळ्यांना दिसतं, अंधारात अंगठा फिरवला तरी कळतं. जॅम होण्यासारखं तिच्यात काही नाही, एक काडतूस फुसकं निघालं तर दुसरी नळी आहेच. खांद्याला लागते म्हणून नेमही पिस्तुलापेक्षा कितीतरी बरा लागतो. पंप ॲक्शन पण मिळते, पाच-सहा काडतुसं बसतात, पण घाबरलेला माणूस पंप अर्धाच ओढतो आणि काडतूस मधेच अडकतं. ज्याने रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, पन्नास-शंभर बार काढलेत त्याने घ्यावी, बाकीच्यांनी नको.

एक गैरसमज मात्र काढून टाका. बाराबोरला नेम लागत नाही, छर्रे खोलीभर पसरतात, असं लोकांना वाटतं. खोलीतल्या खोलीत, दहा-बारा फुटांवर, छर्रे मुठीएवढेच पसरलेले असतात. नेम धरावाच लागतो. पटत नसेल तर रेंजवर पुठ्ठा लावून एकदा बघा, आमच्या घरात तसा एक पुठ्ठा वडिलांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता, मधोमध एक भोक आणि कडेला दोनचार ठिपके, बाकी पुठ्ठा कोरा. कुणी छर्ऱ्यांच्या गप्पा मारायला लागलं की ते कपाट उघडून दाखवायचे.

फ्लॅटसाठी?

खरं सांगू का, फ्लॅटमध्ये आधी दार. आतून चांगली कडी, सेफ्टी डोअर, पीप होल, जिन्यात लाइट, 112 वर फोन. एवढं केल्यावर पण धोका खरा असेल आणि लायसन्स मिळालं असेल तर .32 चं रिव्हॉल्व्हर, कारण ते लहान जागेत वळवता येतं आणि छोट्या तिजोरीत कुलूपबंद राहतं. मेहुण्याने तेच घेतलं.

रिव्हॉल्व्हर का पिस्तूल? आणि कुठलं मॉडेल?

जो महिन्यातून एकदाही रेंजवर जाणार नाही, आणि बहुतेक लोक जात नाहीत, त्याच्यासाठी रिव्हॉल्व्हर. चाप ओढला, राउंड फुसका निघाला, परत चाप ओढला की सिलिंडरमधलं, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या भागातलं, पुढचं घर नळीसमोर येतं. पिस्तुलात स्लाइड ओढायची, सेफ्टी काढायची, आणि सगळ्यात मोठा घात म्हणजे मॅगझीन (गोळ्यांची पेटी) काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी गोळी बसते तिथे, एक गोळी राहू शकते. "मॅगझीन काढलं होतं, रिकामं समजलो" म्हणून गोळी सुटल्याच्या घटना यातूनच होतात.

मॉडेलचं म्हणाल तर सरकारी कारखान्यांची .32 ची रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं चालत आलीत, ऑक्टोबर 2021 पासून ते कारखाने कंपन्या झाले, हत्यारं आता ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कानपूरच्या सरकारी कंपनीकडे आहेत. 2014 मध्ये 'निर्भीक' आलं, महिलांसाठी म्हणून, वजन साधारण अर्धा किलो. त्यांचंच 'प्रबल' ऑगस्ट 2023 मध्ये आलं, साधारण 700 ग्रॅम, त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो त्यामुळे भरणं-रिकामं करणं सोपं. वेब्ली अँड स्कॉटची .32 पण 2020 पासून उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात संडीला इथे बनते. हलकं म्हणजे बरं असं समजू नका, हलकं हत्यार हाताला जास्त झटका देतं आणि दुसरी गोळी कुठल्याकुठे जाते. मेहुणा आधी सगळ्यात हलकं मागत होता, गन हाऊसवाल्या काकांनी त्याच्या हातात तीन रिकामी रिव्हॉल्व्हर दिली, प्रत्येकाचा चाप रिकाम्या घरावर वीस-वीस वेळा ओढायला लावला, आणि ज्याने त्याचं बोट दुखलं नाही आणि नळी कमी हलली ते घ्यायला सांगितलं. माझ्या मते निवडायची पद्धत हीच, कॅटलॉग बघून होत नाही.

रायफल?

घरासाठी नको. .315 ची गोळी एक-दोन भिंती पार करून जाते आणि उघड्यावर किलोमीटरच्या वर. .22 उलट फार बारीक, आणि त्या जातीच्या काडतुसात फुसकं निघायचं प्रमाणही जास्त. ती शिकायला आणि खेळायला उत्तम.

काडतूस कुठलं घ्यायचं?

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण बंदुकीला लाख रुपये घालतात आणि काडतूस "द्या कुठलंही" म्हणतात.

बाराबोरमध्ये आपल्याकडे जुनं, ओळखीचं नाव म्हणजे शक्तिमान, आपल्या पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. तो कारखाना 1869 चा, काडतुसाच्या बुडाला केएफ असा शिक्का असतो तो खडकीचाच. आकाराप्रमाणे नावं असतात. एल.जी., एस.जी. म्हणजे मोठे मणी, मोजकेच असतात पण खोल जातात. बी.बी. मधलं. मग एक नंबर, चार नंबर, सहा नंबर, आकडा वाढेल तसे छर्रे बारीक. गावात सगळ्यांना एल.जी.च पाहिजे असतं, "एका बारात काम". मळ्यात मोकळ्या अंगणाकडे तोंड असेल तर चालेल, पण घराच्या आत मी एल.जी. भरत नाही. एल.जी.चा मणी पत्र्याचं दार, प्लायची फळी, पातळ भिंत पार करून पलीकडे निघतो आणि पलीकडे आमची आई झोपते. घराच्या आत जवळच्या अंतरावर बारीक छर्रे पुरेसे असतात, आणि भिंतीला लागले तर लवकर थकतात. थकतात म्हणजे निरुपद्रवी होतात असं नाही, पातळ पार्टिशन तेही फोडतात, एवढंच की त्यांच्यामागे जोर कमी उरतो.

.32 मध्ये दोन वेगळी काडतुसं आहेत आणि दोन्हीला लोक ".32" च म्हणतात. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, पिस्तुलाचं 7.65 एमएमचं आखूड. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात कधीकधी बसतंही, तरी घालायचं नाही, ते त्या घरासाठी बनलेलं नाही आणि त्याचा दाबही वेगळा असतो. दुकानात "बत्तीसचे द्या" म्हणू नका, लायसन्स पुढे ठेवा, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल ते बोला, आणि डबी तिथेच उघडून बुडावरचा शिक्का वाचा.

किती घ्यायची? लायसन्सवर लिहिलेलं असतं, एका वेळी किती आणि वर्षाला किती. घरात पंचवीस असली तरी भरपूर झाली, बाकीची रेंजवर खर्च करा. वापरलेल्यांचा हिशोब रिन्यूवलला विचारतात, म्हणून बिलं आणि रेंजच्या पावत्या एका फाइलला लावून ठेवा.

आमच्याकडे आजोबांची जुनी बंदूक आहे, तीच चालेल ना?

आधी जाणत्या बंदूकवाल्याकडे दाखवा, मग बोलू. जुन्या बंदुकांची चेंबर बऱ्याचदा 65 एमएमची असते आणि आज दुकानात 70 एमएमचं काडतूस सर्रास मिळतं. गंमत अशी की 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण न उडालेलं काडतूस तोंडाशी दुमडलेलं असतं. उडाल्यावर ती घडी उघडते, पुढे जागा नसते, आणि दाब भलताच वाढतो. नळीच्या बुडाशी खालच्या बाजूला आकडे कोरलेले असतात, चिंधीला तेल लावून पुसलं की दिसतात, ते वाचा. नळीवर लाकडाच्या शिरांसारखी वळणावळणाची नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी, काळ्या दारूच्या जमान्यातली, आजच्या काडतुसाने ती फाटू शकते आणि फाटते ती डाव्या हाताखालीच. अशी बंदूक भिंतीवर शोभते. दोन नळ्या जिथे जुळतात तिथे हलवून बघा, खुळखुळ वाजत असेल तर बार काढू नका.

पावसाळ्यात काडतुसं खराब होतात का?

होतात. वडिलांकडे जुनी कागदी काडतुसं होती, जर्मनच्या डब्यात, माळ्यावर. एका श्रावणात मी ती काढली तर वरून ठीकठाक दिसत होती, पण कागद दमटपणाने फुगला होता, एकही काडतूस नळीत पूर्ण जाईना, अर्ध्यावर अडकायचं. वडिलांनी त्यातलं एक माझ्या हातात देऊन विचारलं, "आज रात्री कुणी आलं असतं तर?" त्याच आठवड्यात आम्ही ती सगळी डीलरकडे रीतसर जमा केली. आता प्लॅस्टिकची असतात, ती फुगत नाहीत, पण पितळी बूड हिरवं पडतं आणि प्रायमरला, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टिकलीला, ओल लागली की फुसकं निघतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, डब्यावर खरेदीची तारीख. जुनी आधी वापरायची, नवी मागे. आणि काडतुसाला तेल किंवा गंज काढायचा स्प्रे अजिबात मारायचा नाही, ते तेल प्रायमरच्या फटीतून आत झिरपतं.

चाप ओढला आणि बार नाही झाला तर बंदूक लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, काडतूस उशिरा पेटू शकतं.

घरात मुलं आहेत, कुठे ठेवायची?

कुलपात, रिकामी, काडतुसं वेगळ्या कुलपात. भिंतीत किंवा जमिनीला बोल्ट मारलेली छोटी स्टीलची तिजोरी घ्या, चाप अडकवणारं लॉक मिळतं ते वेगळं लावा. उशीखाली, गादीखाली, साड्यांच्या घडीत, देवघराच्या मागे, हे सगळं पोरांना माहीत असतं, तुम्हाला वाटतं की नसतं. लोक म्हणतात कुलपात ठेवली तर वेळेवर निघणार कशी. निघते. मी अंधारात सराव केलाय, तिजोरी उघडून दोन काडतुसं भरेपर्यंत मला अर्ध्या मिनिटाच्या आत होतं. तेवढा वेळ मजबूत दार मिळवून देतं, म्हणून दारावर खर्च आधी.

मी बाहेरगावी असताना बायकोने वापरली तर?

लायसन्स माणसाच्या नावावर असतं, घराच्या नाही. तुमच्या मागे बायकोने, मुलाने, वॉचमनने बंदूक बाळगली तर ती कायद्याने बिनलायसन्सची होते. ती एकटी राहत असेल आणि धोका तिला असेल तर अर्ज तिच्याच नावाने करा, हे मी अनेकांना सांगितलं आणि दोन घरांत तसं झालंही. पण बंदूक रिकामी कशी करायची, सुरक्षित कशी धरायची हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तुमच्यासमोर दाखवून ठेवा.

चोर घरात शिरला तर गोळी घालता येते का?

याचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाही, आणि जो सरळ उत्तर देतो त्याचं ऐकू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खाजगी बचावाची कलमं तिच्यात 34 ते 44 आहेत, आधी आयपीसीत 96 ते 106 होती. मूळ गाभा तोच. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला, गंभीर इजेला, बलात्कार, अपहरण, ॲसिडच्या हल्ल्याला तोंड देताना हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. मालमत्तेसाठी तोच हक्क मृत्यूपर्यंत कधी जातो ते कलम 41 मध्ये आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि अशी चोरी किंवा घुसखोरी की जिच्यात मृत्यूची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती आहे.

पण कलम 37 नीट वाचा. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. म्हणजे कुंपण उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव राहत नाही. अंगणात मोटर चोरणारा पोरगा, हातात पाना, तुम्हाला बघून पळतोय, त्याच्यावर बार काढला तर जेलमध्ये तुम्ही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हे सगळं चांगलं मांडलंय, की संकटातल्या माणसाने पावलं सोन्याच्या तराजूत तोलावीत अशी अपेक्षा नाही, पण सूड उगवायला हा हक्क नाही. आणि कोर्टात तो बचाव होता हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर असते.

म्हणून घरातली पद्धत आधीच ठरवा. सगळ्यांनी एका खोलीत यायचं, आतून कडी, 112, मोठ्याने ओरडून सांगायचं की पोलिसांना कळवलंय आणि माझ्याकडे बंदूक आहे. घरभर शोधत फिरायचं नाही. अंधारात कॉलेजवरून उशिरा आलेला आपलाच मुलगा असू शकतो. तोंड दिसल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये, हातात चांगली टॉर्च त्यासाठीच.

हवेत बार काढून घाबरवलं तर?

हवेत गेलेलं खाली येतं. वस्तीत, सोसायटीत अजिबात नाही. लग्नात-वरातीत बार काढणाऱ्यांसाठी तर 2019 पासून वेगळी तरतूद आहे, कुणाचा जीव धोक्यात येईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

वडील वारले, त्यांच्या बंदुकीचं काय करायचं?

तिला घरात ठेवू नका, एक दिवसही उशीर न करता पोलीस स्टेशनला किंवा डीलरकडे जमा करून पावती घ्या. मग वारस म्हणून अर्ज, बाकी वारसांची ना-हरकत लागते. वडील हयात असतानाही नावावर करता येते, त्यांचं वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं त्यांच्याकडे आहे, यातलं जे आधी होईल तेव्हा. आमच्याकडे तसंच केलं आणि सगळं सोपं गेलं. ओळखीच्या एका घरात तेरावं होईपर्यंत बंदूक माळ्यावर तशीच राहिली, मग भावाभावांत जमिनीवरून वाजलं, एकाने तक्रार केली आणि दुसऱ्यावर आर्म्स ॲक्ट लागला.

निवडणुकीत जमा करावीच लागते का?

आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवते कुणाची जमा करायची. नोटीस आली तर वेळेत जमा करा, खरंच धोका असेल तर लेखी सूट मागा. जमा करताना नंबर, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची अवस्था पावतीवर लिहून घ्या, फोटो काढा. परत घेताना नळ्यांत गंज बघा.

प्रॅक्टिस कुठे करायची?

रेंजवरच. शेतात डबा ठेवून मारायचं नाही. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला आहे, जिल्ह्यांतही क्लब आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणल्यापासून गावागावांतली पोरं रेंजवर दिसायला लागलीत, छान वाटतं. वर्षातून निदान चार वेळा जा आणि जे काडतूस घरात ठेवता तेच तिथे मारून बघा.

गावठी कट्टा स्वस्तात मिळतोय...

नको. बिनलायसन्सची बंदूक सापडली तर किमान दोन वर्षं, पाचपर्यंत. आणि पाण्याच्या पाइपची नळी हातातच फुटते, बोटं गेलेला माणूस मी पाहिलाय.

एअरगन, पेपर स्प्रे?

.177 ची, 20 ज्यूलपर्यंतची एअरगन बिनलायसन्स मिळते पण तिने कुणी थांबत नाही, उलट समोरच्याला खरी वाटते आणि तो खरं हत्यार काढतो. पेपर स्प्रे चांगला, त्याला लायसन्स लागत नाही, घरात दोन ठेवा.

बिबट्या आला तर?

जुन्नर-आंबेगावकडचे लोक हे हमखास विचारतात. बिबट्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना सद्हेतूने मारलं गेलं तर कलम 11 मध्ये संरक्षण आहे, पण शेळी नेली म्हणून मागे जाऊन मारलं तर ती शिकार. वन विभागाला फोन करा, गोठ्याला जाळी मारा.

प्रवासात सोबत नेऊ का?

लायसन्सवर हद्द लिहिलेली असते, जिल्हा, राज्य किंवा पूर्ण भारत. तिच्याबाहेर नाही. आणि बॅगा झाडून बघा. रेंजवरून आलेल्या बॅगेच्या अस्तरात राहिलेला एकच राउंड एअरपोर्टच्या स्कॅनरमध्ये दिसला की विमान जातं आणि तुम्ही चौकीत बसता. रेंजची बॅग वेगळी ठेवा, तिच्यात कपडे भरू नका.

आता बंदूक नकोशी झालीय, काय करू?

असं विचारणारेही बरेच असतात, मुलं परदेशी गेली, म्हातारा-म्हातारी दोघंच, रिन्यूवलच्या खेपा होत नाहीत. शस्त्र शाखेत लेखी कळवा, मग परवानगीने दुसऱ्या लायसन्सधारकाला किंवा डीलरला विकता येते, नाहीतर जमा करता येते. उरलेली काडतुसं पण मोजून द्या, कचऱ्यात किंवा विहिरीत टाकू नका. लायसन्सवर रद्द झाल्याची नोंद आणि डीलरची पावती, दोन्हीच्या झेरॉक्स मुलांकडे एकेक पाठवून ठेवा, पुढे कधी चौकशी आली तर त्यांनाच दाखवावी लागते.